गोधडीवरची चाल

उजव्या घोट्याला क्रेप बँडेज बांधून ते माझ्या लातूरच्या समुपदेशनाच्या खोलीत आले आणि झोप लागत नाही म्हणाले. वय ३६, पतसंस्थेत कॅशियर, लातूरपासून तासाभरावरच्या गावाहून एसटीने आलेले. नाव-गाव सांगणार नाही, आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशीलही मी बदललेत. इथे त्यांना भाऊ म्हणते.

पहिल्या दोन भेटी झोपेवरच गेल्या. चहा बंद करून पाहिला होता, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून पाहिला होता, कुणीतरी दिलेली गोळीही घेऊन पाहिली होती. घोट्याचं विचारलं तर म्हणाले, "गाडी घसरली." मोटारसायकलवरून घसरलेल्या माणसाचं कोपर, तळहात, गुडघा, काहीतरी सोललेलं असतं. यांच्या अंगावर ओरखडा नव्हता. मी काही बोलले नाही.

तिसऱ्या भेटीत, वेळ संपल्यावर, दाराच्या कडीला हात लावून ते बोलले. (खरी गोष्ट बहुतेक वेळा दाराशीच निघते. म्हणून पुढच्या माणसाला मी पंधरा मिनिटं उशिराचीच वेळ देते.)

"मॅडम, मला उंच टाचेच्या सँडल घालून चालावंसं वाटतं. बायकांच्या. त्यातच पडलो. मी बिघडलोय का?"

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. लातूर क्लासेसचं गाव; होस्टेलवरच्या पोराच्या बॅगेत नेलपॉलिश सापडलं म्हणून आई रडत येते. लग्न ठरलेला मुलगा विचारतो, तिला सांगू का. बायको विचारते, आता याचं पुढं काय होणार. आत भीती दोनच असतात: हा आजार आहे का, आणि नसेल तर मग हा माणूस "तसला" आहे का.

आजार नाही, हे मी भाऊंना उभ्या उभ्याच सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, तिच्या दहाव्या आवृत्तीत, दुसऱ्या लिंगाचे कपडे घालण्यावर वेगळी निदानं होती. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीतून ती काढून टाकली. मी काळजी कधी करते? दुसऱ्याच्या वस्तू चोरल्या जात असतील, कुणावर जबरदस्ती होत असेल, किंवा त्यापायी काम, पैसा, घर बुडत असेल तर. भाऊंची फक्त झोप बुडत होती.

"मग मी तसला का?" तो शब्द त्यांनी खाली बघून उच्चारला.

कुणाकडे ओढ वाटते हा एक प्रश्न. मनातून स्वतःला बाई समजता की पुरुष, हा दुसरा. पायात काय घालावंसं वाटतं, हा तिसरा. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर काढता येत नाही. काहींना पुढे उमगतं की आपण मुळात बाईच आहोत. त्यांची वाट वेगळी, पण तीही आजाराची नाही, आणि आपलं लिंग कोणतं हे स्वतः सांगायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच मान्य केलाय. भाऊंचं उत्तर मात्र तयार होतं, इतकी वर्षं तेच घोकत असल्यासारखं: "मला बाई नाही व्हायचं. मला त्यात नीट चालायचंय. आरशासमोरून, न अडखळता."

आधी ते एका ठिकाणी जाऊन आले होते. तिथे त्यांच्या मनगटात रबर घालून दिलं होतं: इच्छा झाली की ओढून सोडायचं, चटका बसला पाहिजे. दोन महिने ओढलं. मनगटावर वळ उठले, सँडल कपाटावरच्या सुटकेसमध्ये जिथल्या तिथे.

मीही सुरुवातीला चुकलेच. हे कधी सुरू झालं, लहानपणी घरात कोण काय घालायचं, असं खणत बसले. हाती काही लागलं नाही. मग वाटलं, त्यांची लाज जरा हलकी करावी, म्हणून इतिहास सांगितला. सतराव्या शतकात इराणचे घोडेस्वार टाचेचे जोडे घालत, रिकिबीत पाय घट्ट बसावा आणि उभं राहून बाण सोडता यावा म्हणून. तिकडून ती टाच युरोपातल्या पुरुषांच्या पायात गेली. फ्रान्सचा चौदावा लुई १७०१ सालच्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात लाल टाचांचे जोडे घालून, पोटऱ्या दाखवत उभा आहे. बायकांनी ती पुरुषांकडूनच उचलली. भाऊ हसले. मला चेव आला. म्हटलं, इतकं लांब कशाला जायचं, पैठणच्या नाथांची भारुडं आपल्याकडे मिशीवाले पुरुष लुगडं नेसून करतात, सासुरवाशिणीचं गाऱ्हाणं गातात, आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसतात. कोण काय म्हणतं त्यांना?

"ते देवाचं असतंय मॅडम," भाऊ म्हणाले. "लुगडं सोडलं की संपलं. हे माझं आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या आठवड्यात त्यांना एक रात्र चांगली झोप लागली, एवढंच इतिहासाचं फळ.

गाडी पुढे सरकली ती एका साध्या प्रश्नाने. मी सहज विचारलं, "रात्री आवाज होत नाही का?"

"होऊच देत नाही." आणि मग त्यांनी सगळी तऱ्हा सांगितली. घर दुमजली. खाली आई, वर हे तिघं. बायको आणि लेक आतल्या खोलीत झोपल्या की एकच्या सुमाराला बैठकीत गोधडी दुहेरी करून अंथरायची. त्यावरून चालायचं. तरीही भीती, म्हणून आधी चवडा टेकवायचा आणि टाच मागून हळूच सोडायची. गुडघे वाकलेले, मान आतल्या दाराकडे, कान तिकडेच. त्यांनी माझ्या खोलीत मोज्यांवर ते करून दाखवलं. दुधाकडे निघालेल्या मांजरासारखी चाल होती ती. आणि सँडल कसली? पहिलीच, हौसेने घेतलेली, चार इंची पेन्सिल हील.

माझ्या पायात जन्मभर चपटी चप्पल. मी कुणाला काय शिकवणार? पण काहीतरी खटकलं, म्हणून एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीला फोन लावला आणि नाव न सांगता सगळं वर्णन केलं. ती म्हणाली, "गोधडीवर? अगं, मी पण पडेन."

तिने सांगितलं ते असं. टाच वर उचलली की घोट्याचा सांधा सैल पडतो आणि पाय बाहेरच्या बाजूला मुरगळायला वेळ लागत नाही. अंगाचा भार पुढे चवड्यावर येतो. अशा वेळी पायाखाली कडक, सपाट जमीन पाहिजे. मऊ अंथरुणात बारीक टाच रुतते आणि वाकडी होते. पाऊल लहान टाकायचं, पण आधी टाच टेकवायची, मग चवडा, जसं आपण एरवी चालतो तसंच. गुडघा वाकवून ठेवायचा नाही. नजर समोर, पायाकडे पाहिलं की अंग पुढे कलतं. सुरुवात दोन इंचाच्या रुंद टाचेपासून, तीही पंधरा-वीस मिनिटं. आणि मुरगळलेला पाय पूर्ण बरा झाल्याशिवाय काहीच नाही. तोवर भिंतीला धरून अनवाणी चवड्यावर चढ-उतर करायची, आणि दात घासताना एका पायावर उभं राहायचं. टाचांवर चालून झाल्यावर भिंतीला हात टेकवून पोटऱ्या ताणायच्या, कारण रोज तासन्‌तास टाचा घातल्या तर टाचेमागची शीर आखडते.

म्हणजे भाऊ तोल जाऊन पडत होते ते आवाजाच्या भीतीने. टाच आधी टेकवली तर वाजते. वाजू नये म्हणून ते जे जे करत होते, त्यानेच पाय मुरगळत होता. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ आपल्या पायाकडे बघत बसले.

घोटा बरा व्हायला दीड महिना गेला. मधल्या काळात ते नव्या जोडासाठी गंजगोलाईत फिरून आले. तिथे सोळा रस्ते येऊन मिळतात. नऊ नंबर एकाही रस्त्यावर मिळाला नाही. "मिसेससाठी" म्हटल्यावर एक दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला होता, "नऊ? मग जेंट्समध्येच बघा की." शेवटी ऑनलाइन मागवल्या, काळ्या, दोन इंची, रुंद टाचेच्या, घोट्याला पट्टा असलेल्या. पट्टा मैत्रिणीच्या सांगण्यावरून.

त्या घेऊन ते माझ्याकडे आले. माझ्या खोलीत शहाबादी फरशी आहे, खाली झेरॉक्सचं दुकान. समुपदेशकाच्या खोलीत असं काही करावं का, यावर माझ्या व्यवसायातले लोक वाद घालतील. मला तेव्हा दुसरी जागा सुचली नाही.

भाऊंनी पट्टा लावला. पँट खाली ओढली. उभे राहिले, खुर्चीची पाठ धरून. मग खुर्ची सोडली आणि पहिली टाच टेकवली.

टक.

जागच्या जागी थिजले. मान सवयीने दाराकडे वळली. "ऐकलं असेल कुणी."

"झेरॉक्सवाल्याने ऐकलं असेल," मी म्हटलं. "त्याला वाटेल, मॅडमनी नवी सँडल घेतली."

टक. मग थोडं थांबून, टक, टक. खिडकीपर्यंत सात पावलं, वळताना एक हात भिंतीला, परत सात. चौथ्या फेरीला गुडघे सरळ झाले. खांदे कधी मागे गेले ते त्यांनाही कळलं नसावं. मी "आत्मविश्वास ठेवा" असं एकदाही म्हटलं नाही. ते वाक्य मला आवडतही नाही; पाय थरथरणाऱ्या माणसाला त्याने काय धरायचं?

आता बायको. तिला सांगा असं मी सुरुवातीपासून म्हणत होते, आणि भाऊ पुढच्या महिन्यावर ढकलत होते. तिनेच तारीख काढली. दिवाळीची साफसफाई, कपाटावरची सुटकेस. पुढच्या भेटीला दोघं आले, आणि तिने कापडी पिशवीतून ती जुनी पेन्सिल हील काढून माझ्या टेबलावर ठेवली. रात्रभर डोळ्याला डोळा नसावा.

"मॅडम, मी पाचचा जोड घालते. ही माझ्या पायात घालून बघितली. पुढं चार बोटं उरायलीत. एवढ्या मोठ्या पायाची बाई कोण असंल हो?"

मी भाऊंकडे बघितलं. हे त्यांच्या वतीने मी सांगणार नाही, हे आमचं आधीच ठरलेलं होतं. पंखा फिरत होता.

"माझ्या आहेत," ते म्हणाले.

ती हसली नाही, रडली नाही. तिने त्यांच्या घोट्याकडे बघितलं. "म्हणजे गाडी घसरली नव्हती." मग बऱ्याच वेळाने, "तीन आठवडे आंबेहळद लावली मी."

तिचं दुखणं तिथे होतं, सँडलीत नव्हतं, आणि या बाबतीत मी पूर्ण तिच्या बाजूची आहे. पुढच्या भेटींत तिने विचारलं, मी कुठं कमी पडले का. नाही, हे लग्नाच्या आधीपासूनचं आहे. तिने विचारलं, पोरीच्या लग्नात कुणी काढलं तर. पोरगी सातवीत आहे. हे तिला आवडलंच पाहिजे असं मी सांगितलं नाही, आणि असं सांगणाऱ्या सल्लागारांचं मला नवल वाटतं. तिला आवडत नाही. तरी तिने आपल्या अटी घातल्या: खोटं बोलायचं नाही, घराबाहेर नाही, लेकीला काय आणि कधी सांगायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं, आणि रात्री एकला नाही. "झोपा रात्रीच्याला. काय करायचं ते रविवारी दुपारी करा, पोरगी ट्यूशनला जाती तव्हा."

उन्हाळ्यात भाऊ पुन्हा आले, साध्या चपलेत, बँडेज नाही. झोप लागतेय म्हणाले. मग खुर्चीवर पुढे सरकून मागच्या रविवारचं सांगू लागले. ते बैठकीत फेऱ्या मारत होते, बायको आत शेंगा सोलत होती. खालून आईने हाक मारली, "वर काय वाजायलंय गं?"

भाऊंचा पाय हवेत राहिला. आतून शेंगांचा आवाज थांबला.

"काही नाही आत्याबाई," बायको म्हणाली, "हे चालायलेत."

"मग जरा बेतानं चाल म्हणावं. छताचा पोपडा पडायलाय माझ्या चहात."