उत्तर विरोधात जाऊ शकेल असा प्रश्न विचार

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

बाहेर पेशंट ताटकळत असताना आत बसून संशोधनाचे फॉर्म भरणं मनाला पटत नाही, असं तू लिहिलंस. ही अस्वस्थता चांगली आहे, ती जपून ठेव. पण म्हणून एक तर पेशंट बघायचे नाहीतर संशोधन करायचं, हे मला मान्य नाही. का, ते गोव्यातल्या कामावरून सांगते. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात आपल्याकडे त्याच्याइतकं शिकवणारं दुसरं काम मला माहीत नाही.

२००३ साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. गोव्यात सर्वसाधारण ओपीडीत येणारे, नैराश्य किंवा चिंतेनं त्रासलेले ४५० प्रौढ. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. एकाला नैराश्यावरची गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी आणि तिसऱ्याला समुपदेशन. दोन महिन्यांनी औषधाच्या गटाला बिनऔषधी गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला. समुपदेशनाच्या गटाला तसा दिसला नाही. बोलण्यानं माणूस बरा होतो यावर तुझा-माझा विश्वास आहे, तसा त्यांचाही असणार. तरीही जे हाती आलं ते त्यांनी छापलं, आणि पुढची सगळी वाट तिथून निघाली.

मग ‘संगत’ या पटेलांच्या गोव्यातल्याच संस्थेचा ‘मानस’ प्रकल्प झाला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. २४ दवाखाने होते, निम्मी सरकारी आरोग्य केंद्रं आणि निम्मे खासगी डॉक्टर. डॉक्टरही नाहीत आणि मानसशास्त्राच्या पदवीधरही नाहीत अशा स्थानिक व्यक्तींना शिकवून समुपदेशक केलं. ज्या दवाखान्यांना समुपदेशक दिले नाहीत, तिथल्या डॉक्टरांनाही तपासणीत काय आढळलं ते कळवलं जात होतं. सरकारी केंद्रांत नैराश्य किंवा चिंतेचं निदान पक्कं झालेल्यांपैकी सहा महिन्यांनी समुपदेशकाच्या बाजूला सुमारे ६६ टक्के बरे झाले होते, दुसऱ्या बाजूला सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र हे आकडे ६४ आणि ६६ होते, म्हणजे फरक पडलाच नाही.

इथे जरा थांब. समज, आपण फक्त खासगी दवाखान्यांत समुपदेशक नेमले असते आणि तुलनेला कुणी ठेवलं नसतं. शंभरातले ६४ बरे झाले म्हणून आपण पेढे वाटले असते, सरकारकडे पैसे मागितले असते, दहा जिल्ह्यांत तेच केलं असतं. ते सगळं प्रामाणिकपणे केलं असतं आणि तरी ते पैसे वाया गेले असते, कारण तिथले लोक तसेही बरे होत होते. तुलनेचा गट म्हणजे उपचारापासून वंचित ठेवलेली माणसं, असं तुला वाटतं. पण आपला उपचार खरंच काही करतो का, हे पेशंटला छातीठोकपणे सांगण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही. त्या गटालाही नेहमीपेक्षा थोडी बरी सेवा मिळेल अशी रचना करता येते. ती करणं आपलं कर्तव्यच आहे.

शेवटी ‘संगत’च्या लोकांनी बोलण्यातून करायचा उपचार नव्यानं घडवला. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, बाजार, शेजार, देवळात किंवा चर्चमध्ये जाणं, आणि जितकं सोडतो तितका आणखी खचतो. म्हणून त्याच्याबरोबर बसून एकेक छोटी गोष्ट परत सुरू करायची. सहा ते आठ बैठका, त्याही आरोग्य केंद्रात किंवा घरी. दहा आरोग्य केंद्रांतल्या ४९५ जणांवर याची चाचणी झाली, नैराश्य बऱ्यापैकी तीव्र असलेल्यांवर. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोकांची लक्षणं ओसरली होती, हा उपचार न मिळालेल्या गटात ३९ टक्के लोकांची. समुपदेशनाबद्दलचा २००३ चा तो नकार गुंडाळून ठेवला असता तर हे हाती आलं नसतं, असं मी मानते.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांतलं ‘विश्राम’ या मानसिक आरोग्य प्रकल्पाचं काम तू जवळून बघावंस. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे सुरुवातीला ४.३ टक्के होते, दीड वर्षानं २७.२ टक्के. विदर्भासाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि मला तिचा मनापासून आनंद आहे. पण तुलनेची गावं तिथे नव्हती, आधीची आणि नंतरची पाहणी होती. म्हणून त्याबद्दल लिहिताना लोक मदतीपर्यंत पोहोचले एवढंच म्हण, त्याच्या पुढचं म्हणू नकोस.

आता तुझ्या कामाचं. प्रश्नावली हातात घेण्याआधी ती चार-पाच बायकांना मोठ्यानं वाचून दाखव. आपल्याकडे बहुतेक जण डोकं दुखतं, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही असं सांगत येतात. ‘उदास वाटतं का’ या प्रश्नाला त्या नुसतं ‘नाही’ म्हणून पुढे गेल्या, तर तो प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नाही. काय मोजणार, कधी मोजणार आणि कशाला यश म्हणणार, हे पहिला पेशंट घेण्याआधी लिहून भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, म्हणजे उपचारांच्या चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत, नोंदव. एकदा आकडे समोर आले की आपलं मन आपल्याला हवं तिकडे वळतं. शेवटची मुलाखत तू घेऊ नकोस. कुणाला काय उपचार मिळाला हे ज्याला माहीत नाही, त्यानं ती घ्यावी. तू विचारलंस तर लोक तुझं मन राखायला ‘बरं वाटतंय’ म्हणतील.

आणि संमतीपत्र म्हणजे सही घेण्याचा कागद नव्हे. मधेच सोडलं तरी उपचार थांबणार नाहीत, हे समोरच्याला खरंच कळलं का, ते त्याच्याच तोंडून वदवून घे.

आराखडा पाठवशील तेव्हा कोण मधूनच गेलं आणि का गेलं, हे नोंदवायची काय सोय केली आहेस, ते मी सगळ्यात आधी बघणार आहे. जे येईनासे झाले त्यांच्या घरी जावं लागेल, आणि अभ्यास संपल्यावर निष्कर्ष सांगायला पुन्हा त्याच गावांत जावं लागेल. त्या एसटीच्या तिकिटांचे पैसे आत्ताच अंदाजपत्रकात धर.

तुझ्या मॅडम