भिंतीतली पाइपलाइन फुटली, म्हणून मुलीची ठेव मोडावी का?

प्रश्न: आमचे घर दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात, २००३ साली बांधलेले आहे. मे महिन्यात एका रात्री न्हाणीघराच्या भिंतीतली लोखंडी पाइपलाइन फुटली. छतावरच्या हजार लिटरच्या टाकीतले पाणी सकाळपर्यंत वाहत राहिले आणि शेजारच्या खोलीत फरशीवर ठेवलेली तुरीची सात पोती खालून भिजली. दुरुस्तीला २,६०० रुपये लागले. तूर वाळवून विकली, पण क्विंटलमागे १,२०० रुपये कमी मिळाले. आता प्लंबर सगळी लाइन बदला म्हणतो. त्याचा अंदाज ७८,००० रुपये. बचत खात्यात ४६,००० आहेत, त्यातले ३०,००० खरिपाच्या बियाण्या-खतासाठी ठेवले आहेत. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी १,२०,००० रुपयांची तीन वर्षांची मुदत ठेव आहे, तिला दोन वर्षे झाली. यजमान ठेव मोडू म्हणतात, सासूबाई बचत गटातून घेऊ म्हणतात, आणि दीर म्हणतात की पीककर्जातून भागवा. काय करावे?

उत्तर: ताई, सप्रेम नमस्कार.

ठेव मोडू नये आणि पीककर्जाला हात लावू नये, हे आधीच स्पष्ट सांगतो. मात्र प्लंबरचे म्हणणेही खोटे नाही. आपण पाठवलेल्या छायाचित्रात कापून काढलेल्या पाइपाचा जो तुकडा दिसतो, त्याच्या आत गंज आणि क्षारांचा इतका थर साचला आहे की अर्ध्या इंची पाइपात पेन्सिल जेमतेम शिरेल एवढीच जागा उरली आहे. अशी लाइन आज एका जागी जोडली तरी उद्या दुसऱ्या जागी फुटणार, हे मान्य करूनच पुढचा हिशेब मांडायला हवा. लाइन बदलायचीच आहे. प्रश्न एवढाच आहे की कोणता भाग आधी बदलायचा, कधी बदलायचा आणि त्यासाठी कोणता पैसा वापरायचा.

त्या रात्रीच्या नुकसानीची फोड करून पाहा. सात पोती म्हणजे सुमारे सात क्विंटल तूर धरली तर भावातली घट ८,४०० रुपये होते, आणि दुरुस्ती २,६०० रुपयांची. एकूण ११,००० रुपयांपैकी पाइपामुळे गेलेली रक्कम चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहे; बाकीचे सगळे नुकसान पाणी वेळेत बंद करता आले नाही म्हणून झाले. टाकीखालचा व्हॉल्व्ह जाम झाला होता आणि अंधारात शिडी लावून कोणी वर चढू शकले नाही, असे आपण लिहिले आहे. सगळे ७८,००० रुपये खर्च करून नवी लाइन टाकली आणि व्हॉल्व्ह तसाच छतावर, हाताला न येणारा राहिला, तर एखादा सांधा निसटला त्या दिवशी हाच प्रसंग पुन्हा घडेल. म्हणून पहिला रुपया पाणी थांबवण्याच्या सोयीवर खर्च व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

आपला भाग पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या पट्ट्यात येतो, आणि ही गोष्ट आपल्या निर्णयात फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे स्वयंपाकघरात शहानूर धरणावरच्या योजनेचे गोडे पाणी आहे, तर न्हाणीघर आणि धुण्याच्या जागेला बोअरचे खारे पाणी. खाऱ्या पाण्याने लोखंडी पाइप फार लवकर खराब होतो. गोड्या पाण्याची लाइन त्याच वयाची असली तरी सहसा बऱ्या अवस्थेत असते. फुटलीही खाऱ्या पाण्याचीच. त्यामुळे दोन्ही लाइनी आजच, एकाच दमात बदलण्याची गरज मला दिसत नाही. खाऱ्या पाण्याचा न्हाणीघरातला भाग आधी बदलावा आणि स्वयंपाकघराची लाइन थांबू द्यावी.

अंदाजपत्रकातही जागा आहे. त्यात साहित्याचे ३१,०००, मजुरीचे २२,००० आणि टाइल्स फोडून पुन्हा बसवण्याचे २५,००० धरले आहेत. जुनी लाइन भिंतीत गाडलेली आहे म्हणून नवीही भिंतीतच हवी असा काही नियम नाही. भिंतीवरून उघडी लाइन नेली तर टाइल्सचा खर्च जवळजवळ सगळा वाचतो, शिवाय पुढे कुठे झिरपले तर ते त्याच दिवशी डोळ्यांना दिसते. ती दिसायला तितकीशी चांगली वाटत नाही, हे खरे आहे, पण पाहुण्यांच्या नजरेपेक्षा आपले २५,००० रुपये मोठे आहेत. यूपीव्हीसीचा, म्हणजे थंड पाण्यासाठीच्या कडक प्लॅस्टिकचा पाइप सतत उन्हात राहिला तर ठिसूळ होतो, म्हणून बाहेरच्या भिंतीवरचा भाग सावलीच्या बाजूने न्यावा किंवा त्याला रंग द्यावा. अंघोळीचे पाणी आपण बंबात तापवत असाल तर सगळीकडे गरम पाणी सोसणारा महागडा सीपीव्हीसी पाइप लागत नाही. पुढे गिझर किंवा सोलर बसवायचा विचार असेल तर गरम पाण्याच्या भागापुरता तो घ्यावा.

म्हणजे खर्च ५३,००० रुपयांवर आला. त्यातला पहिला टप्पा या जून महिन्यातच करावा: दोन्ही लाइनींना जमिनीवरून, उभ्याने हात पोहोचेल अशा उंचीवर एकेक बॉल व्हॉल्व्ह, बोअरच्या लाइनीला स्वतंत्र एक, आणि न्हाणीघराच्या खाऱ्या पाण्याच्या लाइनीचा बदल. बॉल व्हॉल्व्हची दांडी पाव फेरा फिरवली की पाणी बंद होते, त्यामुळे सासूबाई किंवा मुलगीही ते करू शकते. खाऱ्या पाण्यासाठी तो चांगल्या प्रतीच्या प्लॅस्टिकचा घ्यावा आणि जाम होऊ नये म्हणून महिन्यातून एकदा फिरवून पाहावा. आपल्याच अंदाजपत्रकातल्या दरांनी हा टप्पा ११,५०० रुपयांच्या आसपास बसतो. खरिपाचे ३०,००० बाजूला ठेवून आपल्याकडे १६,००० मोकळे आहेत. म्हणजे कोणाकडून एक रुपयाही न घेता हा टप्पा होतो आणि ४,५०० रुपये हाताशी राहतात.

उरलेले ४१,५०० रुपयांचे काम दिवाळीनंतर, कापसाचे पहिले पैसे हाती आल्यावर काढावे. यामागे पैशाइतकेच मातीचेही कारण आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. जमिनीखालून गेलेल्या पाइपाचे सांधे, विशेषतः लाइन भिंतीत शिरते तिथले, या ओढाताणीने निखळतात. पावसाळ्यात त्या चिखलात नाली खोदणे हाल करून घेण्यासारखे आहे. दिवाळीनंतर माती खोदण्याजोगी होते. बोअरपासून घरापर्यंतच्या भागात लवचिक काळा एचडीपीई पाइप थोडा सैल सोडून, खालीवर रेती देऊन टाकायला सांगावे.

काम दोनदा केल्याने प्लंबरला दर्यापूरहून दोन खेपा पडतील आणि दोन-तीन हजार जास्त जातील, हा आपल्या यजमानांचा आक्षेप रास्त आहे. तो जास्तीचा खर्च मी डोळसपणे स्वीकारतो, कारण त्या बदल्यात मुलीचा पैसा जागचा हलत नाही.

आता ठेवीचा हिशेब. मुदतीआधी मोडल्यास बँका साधारणपणे जितका काळ ठेव राहिली त्या काळाचा दर धरून त्यातून अर्धा ते एक टक्का कापतात. एक टक्का कापला गेला असे धरले तर १,२०,००० रुपयांवर दोन वर्षांचे सुमारे २,४०० रुपये जातात, आणि पुढच्या वर्षाचे व्याजही बुडते. याउलट त्याच ठेवीवर कर्ज घेता येते आणि त्याचा दर सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्क्यांनीच जास्त असतो. ठेवीला सात टक्के आणि कर्जाला नऊ टक्के धरून ४०,००० रुपये पाच महिन्यांसाठी उचलले, तर व्याज १,५०० रुपये होते. पण तेवढ्याच रकमेवर ठेवीचे १,१६० रुपयांच्या आसपास व्याज चालूच राहते. खरा भार साडेतीनशे रुपयांच्या आत राहतो. म्हणून गरज पडलीच तर ठेवीवर कर्ज घ्यावे, ठेव मोडू नये. मात्र ते कापसाच्या पैशातून फेडले जाईल याची खात्री असेल तेव्हाच घ्यावे, नाहीतर प्रवेशाच्या वेळी बँक आधी स्वतःची रक्कम वळती करून घेईल.

बचत गटाचे कर्ज सोयीचे वाटते, कारण ते गावातच मिळते आणि कागद थोडे लागतात. पण आपल्या गटाचा दर शेकडा दोन रुपये महिना आहे, म्हणजे वर्षाला २४ टक्के. दोन-चार हजारांची, महिनाभराची नड भागवायला ते चालेल. पाइपलाइनसाठी मुळीच नाही.

पीककर्जाबाबत दिरांशी जरा सविस्तर बोलावे. किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेत काढणीनंतरच्या आणि घरगुती गरजांसाठी दहा टक्के रक्कम धरलेली असते, हे खरे आहे. पण ती वेगळी देणगी नव्हे. ती त्याच कर्जाचा भाग आहे आणि तिची परतफेडही मुदतीतच करावी लागते. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्याला केंद्राची तीन टक्के सवलत आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ मिळून व्याज जवळजवळ शून्यावर येते. घराच्या कामात रक्कम अडकून परतफेड लांबली, तर हा लाभ केवळ त्या दहा टक्क्यांवरचा नव्हे, साऱ्या कर्जावरचा जातो. एवढी किंमत मोजण्यासारखे हे काम नाही.

माझा हा सल्ला एका गोष्टीने बदलू शकतो, आणि ती आपण घरीच तपासू शकता. रात्री सगळे नळ घट्ट बंद करा, मोटर बंद ठेवा, योजनेचे पाणी येणार नाही अशी रात्र निवडा. टाकीत एक कोरडी काठी तळापर्यंत बुडवून पाण्याची खूण करा आणि सकाळी कोणी नळ उघडण्याआधी पुन्हा मोजा. दोन्ही टाक्यांचे असे दोन-तीन वेळा करा. पातळी तेवढीच राहिली तर दिवाळीपर्यंत निश्चिंतपणे थांबावे. पातळी उतरली तर भिंतीत किंवा जमिनीत कुठेतरी पाणी झिरपत आहे. तसे दिसले, किंवा विजेच्या बोर्डाजवळ भिंत ओलसर वाटली, तर थांबणे योग्य नाही. तेवढा भाग ठेवीवर छोटे कर्ज काढून लगेच बदलावा, कारण ओल आणि वीज एकत्र आली तर प्रश्न पैशाचा राहत नाही.

दुसरा टप्पा होईपर्यंत पाइप पुन्हा फुटला तर काय करायचे, तेही घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. आधी मोटरचा स्विच बंद, पाणी बोर्डापर्यंत गेले असेल तर कोरड्या जागेवरूनच मेन स्विच बंद, मग व्हॉल्व्ह. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी फुटलेल्या जागी ताणून गुंडाळून वर बांधायच्या तारेने आवळली, तर प्लंबर येईपर्यंत बराच वेळ निभावते. ट्यूब, तार, टेफ्लॉन टेप, एम-सील आणि पाइपाच्या मापाची दोन बुचे एका डब्यात ठेवावीत. हा खर्च काहीशे रुपयांचा आहे. पोती यापुढे विटांवर फळ्या टाकून त्यावरच रचावीत.

घरदुरुस्तीसाठी पोस्टात आपल्या नावाने वेगळे बचत खाते उघडावे. ५०० रुपयांनी ते उघडता येते आणि चार टक्के व्याज मिळते. उरलेले ४,५०० त्यात टाकावेत, दर महिन्याला ५०० आणि माल विकल्यावर काही हजार टाकत ते १५,००० पर्यंत न्यावे. ही रक्कम मी फक्त नळासाठी सुचवत नाही. बोअरची मोटर जळली तर लागणारा खर्चही यातूनच निघायला हवा.

विम्याचेही आपण विचारले आहे. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सामान्य विमा कंपन्यांकडे भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी मिळते आणि पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून, भरून वाहून घराचे झालेले नुकसान तिच्यात धरलेले आहे. पण गंजलेली लाइन बदलण्याचा खर्च हा देखभालीचा खर्च आहे, तो विम्यातून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. खोलीत साठवलेली विक्रीची तूर घरसामानात धरली जाते का, हे कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय हप्ता भरू नये.

काठीच्या मोजणीचा निकाल आणि उघड्या लाइनीचे, साहित्य व मजुरी वेगवेगळे लिहिलेले नवे अंदाजपत्रक मला पाठवा. मजुरी पॉइंटप्रमाणे, म्हणजे दर नळजोडामागे धरली आहे की ठोक, हे त्यावर प्लंबरकडून लिहून घ्यायला विसरू नका.