अ‍ॅप दिवसातून किती वेळा उघडले जावे?

प्रश्न : आमच्या सहकारी दूध संस्थेने सभासदांसाठी अ‍ॅप करून घेतले आहे. आपले दूध किती लिटर भरले, फॅट व एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन घटक) किती लागले आणि दर काय मिळाला, हे सभासदाला त्यात पाहता येते. अ‍ॅप करणाऱ्यांचे म्हणणे असे की, ते दिवसातून पाच-सहा वेळा उघडले जावे यासाठी सतत सूचना पाठवाव्यात, रोज उघडणाऱ्याला गुण द्यावेत आणि खाली न संपणारी व्हिडिओंची यादी ठेवावी. संचालक मंडळात यावर दुमत आहे. आपले मत काय?
— एक संचालक, करवीर तालुका

उत्तर : सकाळी आणि संध्याकाळी दूध घालणाऱ्या सभासदाला अ‍ॅप दोनदा उघडणे पुरेसे असावे आणि त्याला हवे असलेले आकडे पहिल्याच पडद्यावर, ठळक अक्षरांत दिसावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

न संपणारी यादी तर ठेवूच नका. ही रचना 2006 साली संगणकीय रचनाकार अझा रास्किन यांनी तयार केली. वाचणाऱ्याचा पुन:पुन्हा पान बदलण्याचा त्रास वाचावा, हा त्यांचा हेतू चांगलाच होता. परंतु पानाच्या शेवटी क्षणभर थांबून 'आता पुरे' असे ठरवण्याची जी संधी माणसाला मिळत असे, तीही त्याबरोबर गेली. पुढे रास्किन यांनी स्वतःच याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

सूचनांच्या बाबतीत मला एक जुना प्रयोग फार मोलाचा वाटतो. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात कलावंत नताली जेरेमिजेन्को यांनी छताला एक छोटी मोटर बसवून तिला सुमारे आठ फूट लांबीची प्लॅस्टिकची दोरी टांगली होती. मोटर संगणकांच्या जाळ्याला जोडलेली असल्याने, जाळ्यावर वर्दळ नसली की दोरी अधूनमधून किंचित हलायची आणि वर्दळ वाढली की आवाज करत गरगर फिरायची. आजूबाजूच्या खोल्यांतील माणसे आपापल्या कामात असत आणि तरीही जाळ्याचे कसे चालले आहे, हे त्यांना कळत असे. त्याच केंद्रातील मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी 1995 साली शांत तंत्रज्ञानाविषयी, म्हणजे माणसाचे लक्ष न ओढता माहिती पोहोचवणाऱ्या तंत्रज्ञानाविषयी, लिहिताना ही दोरी उदाहरण म्हणून दिली.

आपल्या अ‍ॅपमध्ये फोन वाजावा असे प्रसंग मला तीनच दिसतात : दूध बिल बँकेत जमा झाले, संकलनाची वेळ बदलली किंवा फॅट नेहमीपेक्षा एकदम घसरले. यातील शेवटची सूचना तर लगेचच जायला हवी, कारण घट जनावराच्या आजारामुळे आहे की मोजणीतील चुकीमुळे, हे सभासदाला त्याच दिवशी तपासता येते. बाकी सारे अ‍ॅपमध्ये मुकाट्याने पडून राहू द्या. धार काढताना दोन्ही हात गुंतलेल्या माणसाच्या खिशात फोन वाजावा, इतके महत्त्व व्हिडिओला नाही. शिवाय सततच्या सूचनांना कंटाळलेला सभासद त्या सरसकट बंद करून टाकतो आणि मग बिलाची सूचनाही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. अँड्रॉइडमध्ये 2017 पासून सूचनांचे वेगवेगळे गट करता येतात. तसे करून घ्या, म्हणजे नको तो गट सभासदाला स्वतंत्रपणे बंद करता येईल.

गुणांची कल्पना मला पटत नाही. लग्नकार्यासाठी चार दिवस परगावी गेलेल्या सभासदाने अ‍ॅप उघडले नाही, तर त्यात संस्थेचे काहीच बिघडत नाही. मग त्याला काहीतरी गमावल्यासारखे का वाटू द्यायचे?

उद्या अ‍ॅपवरून पशुखाद्य विकायचे ठरले, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 साली दिशाभूल करणाऱ्या रचनांचे जे 13 प्रकार ठरवून दिले, त्यांत खरेदीसाठी पुन:पुन्हा तगादा लावण्याचाही समावेश आहे.

अ‍ॅप करणाऱ्यांशी झालेल्या करारात कामाचे मोजमाप सभासदांनी अ‍ॅपवर घालवलेल्या मिनिटांवरून ठरले असेल, तर पुढचा हप्ता देण्यापूर्वी ते कलम बदलून घ्या. आकडे पाहायला सभासदाला किती सेकंद लागतात आणि बिलाबाबतच्या किती तक्रारी कार्यालयात येतात, यावरून काम तपासा.