आजोबांच्या खासगी ट्रस्टमधला वाडा विश्वस्त असलेले काका परस्पर विकू शकतात का? आणि ते हिशेबही दाखवत नसतील तर काय करावे?

मिळकत पत्रिकेवर विश्वस्त म्हणून काकांचे नाव लागले, एवढ्याने वाडा त्यांच्या मालकीचा होत नाही. विक्रीचा अधिकार आधी ट्रस्ट डीडमध्येच, म्हणजे ट्रस्ट स्थापन करणाऱ्या दस्तातच, शोधावा लागतो, आणि विश्वस्त एकाहून अधिक असतील तर, डीडमध्ये वेगळी तरतूद नसल्यास, सर्वांनी मिळून निर्णय घ्यावा लागतो. दीर्घ मुदतीचा भाडेपट्टाही 21 वर्षांपुढे न्यायालयाच्या परवानगीशिवाय देता येत नाही.

हिशेब दाखवत नाहीत, ही आपली तक्रार मला अधिक गंभीर वाटते. भारतीय न्यास अधिनियम, 1882 च्या कलम 57 नुसार लाभार्थीला, म्हणजे ज्याच्या हितासाठी ट्रस्ट केला त्याला, डीड, हिशेबाच्या वह्या आणि पावत्या पाहण्याचा व नकला घेण्याचा हक्क आहे. ही कागदपत्रे लेखी मागा, पोच ठेवा. धर्मादाय आयुक्तांकडे मात्र जाऊ नका, कारण ते सार्वजनिक ट्रस्टचे काम पाहतात; खासगी ट्रस्टचा वाद दिवाणी न्यायालयात चालतो.