शुगर आहे आणि क्रॅनबेरी आवडते? सुरुवातीला एवढं बघा
ताई, घाबरू नका, क्रॅनबेरी सोडायची गरज नाही. फक्त ती कोणत्या रूपात पोटात जातेय ते बघा. ताज्या फळात साखर फार कमी, 100 ग्रॅममध्ये साधारण 4 ग्रॅम. पण आपल्याकडे पाकिटात मिळते ती सुकवलेली. फळ मूळचं आंबटढाण, म्हणून त्यात साखर मुरवतात. 40 ग्रॅममध्ये 25 ग्रॅमहून जास्त!

नवे लोक इथे चुकतात:

- बदामांसारखी येता-जाता तोंडात टाकतात.
- 'नो ॲडेड शुगर' वाचून ज्यूसचा मोठा ग्लास पितात. त्यात अनेकदा सफरचंद-द्राक्षांचा रस असतो. पाकिटामागचा तक्ता वाचाच.

सुकवलेली क्रॅनबेरी चमचाभर घ्या, तीही जेवणाबरोबर, आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आकडा बघा. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.