सातव्या महिन्यात सासूबाईंसाठी स्वेटर विणताना बोटांना मुंग्या येतात. विणकाम थांबवावे का?

विणकाम पूर्ण थांबवण्याची गरज सहसा नसते. मात्र स्वेटरऐवजी टोपी किंवा मफलर विणायला घ्यावा, गोल सुई (लवचिक तारेने जोडलेल्या दोन सुया) वापरावी, विणलेल्या भागाचे वजन मांडीवर टेकवावे आणि दर 15–20 मिनिटांनी हात मोकळे करावेत. गरोदरपणात शरीरात पाणी साठल्याने मनगटातील अरुंद बोगद्यातून जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब येतो आणि अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या येतात (यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात). वाकवलेले मनगट व सुईवरची घट्ट पकड तो दाब वाढवतात. बहुतेक स्त्रियांचा हा त्रास बाळंतपणानंतर हळूहळू ओसरतो. मात्र हात वा चेहरा एकाएकी सुजल्यास, तीव्र डोके दुखल्यास किंवा अंधूक दिसू लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडून रक्तदाब तपासून घ्यावा.