रोज पाणी घालतेय तरी पानं सुरकुतलीच

प्रश्न: नवीन घराच्या वास्तुशांतीला मैत्रिणीने जांभळं ऑर्किड दिलं होतं, मोठ्या जाड पानांचं, एकाच दांड्यावर ओळीने फुलं येतात ते. दोन-अडीच महिने फुलं मस्त टिकली, आता सगळी गळालीत आणि पानं लुळी पडून सुरकुतलीत. मी रोज सकाळी कपभर पाणी घालतेय. सासूबाई म्हणतात मोठ्या कुंडीत लाल माती आणि शेणखत घालून लाव, जोर धरेल. लावू का? (कासारवडवली, ठाणे)

उत्तर: ताई, सासूबाईंची माफी मागून सांगते, मातीत अजिबात नको. मी हे स्वतः करून बसलेय. माझं पहिलं ऑर्किड लाल माती, शेणखत, वर मूठभर निंबोळी पेंड असा साग्रसंगीत पाहुणचार करून तीन आठवड्यात संपवलं होतं.

तुमचं झाड फॅलेनॉप्सिस आहे. ते रानात झाडाच्या फांदीला मुळांनी धरून बसतं, पाऊस आला की भिजायचं, वारा आला की वाळायचं. मुळांवर पांढरं स्पंजसारखं आवरण असतं, ते पाणी झटकन ओढून घेतं पण सतत ओलं राहिलं की हवेवाचून कुजतं. आणि मुळंच कुजली तर पाणी वर पानांत जाणार कुठून? पानं सुरकुततात, आपल्याला वाटतं बिचाऱ्याला तहान लागली, अजून पाणी. रोजचा तो कप आधी थांबवा.

फुलं गेलीत ना, मग कुंडी आत्ताच बदला. कुंडी पंधरा-वीस मिनिटं पाण्यात ठेवली की मुळं नरम पडतात, मोडत नाहीत. झाड बाहेर काढा आणि जुनं सगळं झाडून टाका, मुळांच्या अगदी मधोमध बोट घालून बघा, तिथे बऱ्याचदा मॉसचा किंवा स्पंजचा छोटा गोळा सापडतो, रोप लहान असताना नर्सरीत त्यात वाढवलेलं असतं. वरचं सगळं वाळलं तरी हा गोळा आत ओलाच राहतो आणि सड तिथूनच सुरू होते. हळूहळू उकलून काढा, घाई नको.

मग एकेक मूळ चिमटीत दाबायचं. टणक लागलं तर ठेवा, रंग पांढरा हिरवा पिवळट कसाही असो. मऊ, पोकळ लागलं, वरचं साल सुटून आत नुसता दोरा उरला तर कापा. कात्री आधी गॅसवर तापवून गार करा. कापलेल्या तोंडाला दालचिनीची पूड लावा, पण फक्त तिथेच, चांगल्या मुळांवर पडली तर तीही सुकतात. झाड रात्रभर सावलीत तसंच उघडं ठेवलं तरी काही होत नाही, उलट जखमा वाळतात.

कुंडी मोठी नको, मुळं जेमतेम मावतील एवढीच, पारदर्शक प्लास्टिकची आणि भरपूर भोकांची मिळाली तर उत्तम. भरायला पाइनची साल, नर्सरीत बार्क म्हणून मागा, ती रात्रभर भिजवून घ्या, सोबत लाकडी कोळशाचे तुकडे. कोळसा पूर्वी इस्त्रीवाल्याकडे मिळायचा, आमच्याकडच्याने आता गॅसची इस्त्री घेतलीय त्यामुळे शोधावा लागतो. बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या वड्या नको. नारळाच्या सोडणाचे तुकडेही चालतात, दोन दिवस पाणी बदलत भिजवायचे म्हणजे खार निघून जातो, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात सोडण वाळता वाळत नाही म्हणून मी कमीच घालते. पानांचा बुंधा वर राहू दे, पुरू नका. बाहेर लोंबणारी मुळं कोंबून आत घालायची नाहीत, ती तशीच असतात.

नंतर चार-पाच दिवस पाणी नाही, सकाळी पानांवर हलका फवारा पुरे. पुढे मुळांकडे बघून पाणी द्या, चंदेरी दिसली की द्यायचं, हिरवी असतील तर थांबायचं. मधल्या पानांच्या खोबणीत पाणी साचलं तर टिश्यूने टिपा. दुपारचं पश्चिमेचं ऊन नको. आणि हो, आधी सुरकुतलेली पानं बहुतेक तशीच राहतील, नवीन पान ताठ आलं की समजा जमलं.

प्रश्न: माझ्या डेन्ड्रोबियम ऑर्किडच्या जुन्या काड्यांची पानं गळून नुसते दांडे उरलेत. कुंडी बदलताना कापून टाकू का, फार ओंगळ दिसतात. (नेरूळ)

उत्तर: दिसू देत हो! त्या काड्या म्हणजे झाडाची कोठी, पाणी आणि अन्न तिथेच साठतं, कधी कधी जुन्या काडीलाही फूल येतं. पूर्ण वाळून तपकिरी पोकळ झाली तरच कापा. कुंडी बदलायची वेळ म्हणजे बुडाशी नवा कोंब येऊन त्याला मुळं फुटायला लागतात तेव्हा. झाड वेगळं करायचं असेल तर प्रत्येक भागाला तीन-चार काड्या ठेवा, लोक लोभाने एकेक काडी लावतात आणि मग दोन-दोन वर्षं फुलाची वाट बघत बसतात. काडीवरच छोटं पिल्लू, म्हणजे नवं रोप, आलं असेल तर त्याची मुळं दोन-तीन इंच होईपर्यंत हात लावू नका.

प्रश्न: येऊरला फिरायला गेलो होतो, पडलेल्या फांदीवर ऑर्किड दिसलं. आणून घरी लावलं असतं तर? (वर्तकनगर)

उत्तर: नाही आणलंत ते बरं केलंत. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून काडीसुद्धा उचलायची नाही, पडलेली असली तरी. फोटो काढला असेल तर पाठवा, बघू कुठलं आहे.